नशेची खानेसुमारी

ऑक्टोबर २०२३ मध्यें महसूल गुप्तवार्ता संचालनालय आणि अहमदाबादची गुन्हेशाखा ह्यांनीं छत्रपती संभाजीनगर शहरांत व पैठणच्या औद्योगिक वसाहतींत छापे घातले. कोकेन, मेफेड्रोन व केटामाइन ह्या मादक द्रव्यांचा जो सांठा हातीं लागला त्याची किंमत २५० कोटींहून अधिक असल्याचें जाहीर झालें. त्याच महिन्यांत नाशिकजवळच्या शिंदे गांवांत मेफेड्रोनचा कारखाना उघडकीस आला. पुढें फेब्रुवारी २०२४ मध्यें पुणें पोलिसांनीं कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत तोच पदार्थ शेंकडों किलोंनीं पकडला. ह्या बातम्या आमच्या वाचकांनीं वाचल्या, टपरीवर व पेढीवर त्यांची चर्चा केली, आणि काळच वाईट आला असा निकाल देऊन वर्तमानपत्राची घडी केली. पण ह्या मालापैकीं किती माल आमच्याच शहरांत खपतो, तो कोण घेतो, कोणत्या वयाचा घेतो, पूर्वीं तो काय घेत होता आणि आज दुसरें कांहीं कां घेऊं लागला, हे प्रश्न त्या चर्चेंत कोणी विचारल्याचें आमच्या कानीं आलें नाहीं.

पकडलेल्या मालाचें वजन व त्याची किंमत हीं दोन्ही पोलिसांच्या कामगिरीचीं मापें आहेत, लोकारोग्याचीं नव्हेत. व्यापाऱ्यांस तर हें सांगावयास नको. जप्तीच्या बातमींत जो भाव लावलेला असतो तो बहुधा ‘आंतरराष्ट्रीय बाजारांतील’ असतो. असा भाव येथील कोणाच्या वहींत जमा झालेला नसतो, आणि आगीच्या विम्याच्या दाव्यांतसुद्धां इतका भाव लावण्याचें धाडस कोणी करीत नाहीं. जप्ती वाढली म्हणजे नशा वाढली, कीं पोलीस अधिक दक्ष झाले, कीं एका टोळीनें दुसरीची खबर दिली, ह्यांपैकीं काय घडलें तें त्या आंकड्यावरून कळत नाहीं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ सालच्या अहवालांत अंमली पदार्थांच्या कायद्याखालीं केरळांत २६,६१९, महाराष्ट्रांत १३,८३० आणि पंजाबांत १२,४४२ गुन्हे नोंदलेले आहेत. महाराष्ट्राची लोकसंख्या केरळच्या तिपटीहून अधिक. मग केरळांतील मनुष्य आमच्यापेक्षां सहा-सातपट नशा करितो असें म्हणावयाचें काय? तेथील पोलीस असे गुन्हे अधिक हिरिरीनें नोंदवितात, हाच अर्थ अधिक संभवनीय आहे.

आतां शहराच्या पूर्वेस जालना रस्त्यानें चिकलठाण्याकडे येऊं. विमानतळ येथें, औद्योगिक वसाहत येथें, आठवडी बाजार येथें, आणि जिल्हा रुग्णालय, ज्यास लोक ‘मिनी घाटी’ म्हणतात, तेंही येथेंच. पाळ्यांनीं चालणारे कारखाने, भाड्याच्या खोल्यांत राहणारे तरुण कामगार, हातांत पगार आणि घर दूर. नशा विकणारास ह्याहून सोयीची पेठ कोणती? ह्या शहरांत ‘बटण’ म्हटलें म्हणजे तें सदऱ्याचेंच असेल असें नाहीं, हें पोरासोरांसही ठाऊक आहे. बटण म्हणजे नायट्राझेपामसारख्या झोंपेच्या औषधाची गोळी. मालेगांवाकडे अल्प्राझोलामच्या गोळीस ‘कुत्ता गोळी’ म्हणतात. ह्यांच्या जोडीस कोडीन असलेलें खोकल्याचें औषध आहे, गांजा आहे, चिकटविण्याचें द्रावण फडक्यावर ओतून हुंगणारीं लहान मुलें आहेत, आणि सर्वांत जुनी दारू तर आहेच. लोकांच्या भाषेंत ह्या सगळ्यास एकच शब्द, नशा. उपदेशकांच्या भाषेंतही एकच, व्यसन. वैद्यकास मात्र एका शब्दानें भागत नाहीं.

महिनोनमहिने बटणाच्या गोळ्या घेणाऱ्या मुलास घरच्यांनीं संतापानें खोलींत कोंडून गोळ्या एकदम बंद केल्या, तर त्यास अपस्मारासारखे झटके येऊं शकतात आणि त्यांत तो दगावूंही शकतो. त्याची मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखालीं हळूहळू उतरवावी लागते. गर्द किंवा हेरॉइन ह्यांसारख्या अफूवर्गांतील पदार्थानें श्वास मंदावला तर नॅलोक्झोनची सुई रोग्यास परत आणते. झोंपेच्या गोळ्यांवर मात्र त्याच सुईचा उपयोग नाहीं. अफूवर्गाच्या व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिन हें औषध आहे. मेफेड्रोनसाठीं असें खास औषध नाहीं, तेथें समुपदेशन व देखरेख ह्यांवरच भिस्त. द्रावण हुंगणारें मूल पहिल्या-दुसऱ्या वेळींच हृदयाची गति बिघडून मरूं शकतें, आणि त्यावर उतारा नाहीं. तेव्हां रात्रीं दोन वाजतां बेशुद्ध मुलगा रुग्णालयाच्या दारांत आणिला असतां, ह्या महिन्यांत ह्या भागांत काय खपत आहे हें तेथील डॉक्टरास ठाऊक असणें ही विद्वत्तेची हौस नव्हे. कोणतें औषध किती बाळगावें, परिचारिकांस कशाचें शिक्षण द्यावें, शाळांत कोणत्या इयत्तेपासून कशाविषयीं बोलावें, हें सर्व त्याच माहितीवर अवलंबून आहे.

देशांत मोजणी मुळींच होत नाहीं असें नाहीं. केंद्र सरकारनें संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्यानें केलेली पहिली मोठी पाहणी २००४ सालीं प्रसिद्ध झाली. तींत १२ ते ६० वर्षें वयाच्या ४०,६९७ पुरुषांस घरोघर जाऊन प्रश्न विचारले होते. दारू पिणारे शेंकडा २१.४, गांजा-भांग घेणारे ३.०, अफूवर्गांतील पदार्थ घेणारे ०.७ निघाले. दुसरी मोठी पाहणी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेनें केली व ती २०१९ च्या फेब्रुवारींत बाहेर आली. १८६ जिल्ह्यांतील २,००,१११ घरांतून ४,७३,५६९ माणसांशीं बोलणें झालें. शिवाय १२३ जिल्ह्यांत बेकायदा पदार्थांच्या आहारीं गेलेल्या ७२,६४२ जणांस, एकानें दुसऱ्यास आणावें अशा साखळीनें गांठण्यांत आलें, कारण असा मनुष्य घरच्यांसमोर खरें बोलत नाहीं. दारू १४.६, गांजा-भांग २.८ व अफूवर्ग २.१ असे शेंकड्याचे आंकडे तींत आले. हुंगण्याचे पदार्थ हा असा एकच वर्ग निघाला कीं ज्यांत मुलें मोठ्यांच्या पुढें आहेत. प्रौढांत शेंकडा ०.५८, तर मुलांत १.१७.

आतां एखादा वक्ता व्यासपीठावर उभा राहून म्हणेल कीं, पंधरा वर्षांत अफूची नशा तिप्पट झाली आणि दारू तिसऱ्या हिश्श्यानें घटली. टाळ्याही पडतील. पण पहिल्या पाहणींत केवळ पुरुष होते, दुसरींत स्त्रियाही होत्या. पहिलींत गेल्या महिन्याभरांतील सेवन विचारलें होतें, दुसरींत गेल्या बारा महिन्यांतील. एके वर्षीं वारानें व पुढील वर्षीं मीटरनें कापड मोजून, गेल्या वर्षापेक्षां विक्री वाढली कीं घटली हें सांगूं पाहणाऱ्या गुमास्त्यास शेटजी काय म्हणतील? कल कळण्यास एकच माप, एकाच रीतीनें, पुनःपुन्हां लावावें लागतें. शिवाय दुसऱ्या पाहणीचे अंदाज राज्यापर्यंतच येऊन थांबतात. जिल्ह्याचें चित्र त्यांतून निघत नाहीं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचें जिल्हापत्रक तंबाखू व दारू ह्यांचे आंकडे देतें. गोळी, गांजा व द्रावण ह्यांविषयीं तें मूक आहे. त्या २०१९ च्या अहवालांतील ज्या आंकड्यांनीं झोंप उडावयास हवी ते मात्र निराळेच. दारूच्या पूर्ण आहारीं गेलेल्या ३८ जणांत एकास, आणि बेकायदा पदार्थांच्या आहारीं गेलेल्या २० जणांत एकास कसलाही उपचार मिळालेला होता. उरलेले ३७ व १९ कोठें आहेत हें ज्यास ठाऊक नाहीं, तो त्यांच्यासाठीं खाटा तरी कोठें टाकणार?

खोटी मोजणी काय करिते ह्याचा एक जुना धडा येथें सांगण्याजोगा आहे. १८९३ सालीं सरकारनें डब्ल्यू. मॅकवर्थ यंग ह्यांच्या अध्यक्षतेखालीं गांजा-भांगेच्या चौकशीसाठीं कमिशन नेमिलें. तेव्हां आमच्या शेजारच्या नगर जिल्ह्यांत गांजाची लागवड होत असे. कमिशननें ११९३ साक्षी घेतल्या. गांजानें माणसें वेडीं होतात, ह्या समजुतीस वेड्यांच्या इस्पितळांतील आंकड्यांचा आधार दिला जाई. तेव्हां कमिशननें ते आंकडेच तपासावयास घेतले. १८९२ सालीं दाखल झालेल्या १३४४ रोग्यांपैकीं २२२ जणांच्या वेडाचें कारण म्हणून वह्यांत गांजा-भांग लिहिलेलें होतें. एकेका रोग्याच्या गांवीं व घरीं चौकशी केल्यावर त्यांपैकीं ९८ च उरले, आणि त्यांतही कित्येकांच्या बाबतींत दुसरीं कारणें मिसळलेलीं होतीं. झालें होतें असें कीं, छापील तक्त्यांत ‘कारण’ असा एक रकाना होता. पोलिसांनीं आणिलेल्या माणसाचा पूर्वेतिहास कोणासच ठाऊक नसे. आणि रकाना रिकामा ठेवणें कारकुनास प्रशस्त वाटत नसे. त्या कमिशनचे गांजाविषयींचे निष्कर्ष आज जसेच्या तसे घ्यावे असें आमचें म्हणणें नाहीं. पण वहींतल्या रकान्यावर आंधळा विश्वास ठेवूं नये, हें शिकविणारा असा दाखला दुसरा मिळणें कठीण.

मोजणीच नसली म्हणजे काय होतें, ह्याचें उदाहरण आपल्या डोळ्यांदेखतचें आहे. १९८० नंतरच्या पांच-सहा वर्षांत मुंबई-पुण्यांत गर्द पसरली. ती कोणत्याही सरकारी तक्त्यांत प्रथम दिसली नाहीं. अनिल अवचट हे गल्ल्यांतून फिरले, त्या मुलांशीं बोलले आणि त्यांनीं लिहिलें, तेव्हां सुशिक्षित महाराष्ट्रास ती दिसली. त्या लेखनानें हेलावून पु. ल. व सुनीताबाई देशपांडे ह्यांनीं देणगी दिली आणि डॉ. अनिता अवचट ह्यांच्या पुढाकारानें २९ ऑगस्ट १९८६ रोजीं पुण्यांत मुक्तांगण उभें राहिलें. हें आम्ही अभिमानानें सांगतों; पण एका लेखकाच्या पायपिटीवर सबंध प्रांताची नजर अवलंबून असावी, ही अभिमानाची गोष्ट खास नव्हे. दरम्यान किती घरें बसलीं ह्याची नोंद कोठेंही नाहीं.

म्हणून आमची सूचना चिकलठाण्यापासून सुरू होते. २०२० सालीं मिनी घाटी कोविडचें रुग्णालय झालें होतें. त्या दिवसांत कोणत्या वसाहतींत किती रोगी, किती बरे झाले, किती खाटा रिकाम्या, हें नागरिक सकाळच्या चहाबरोबर वाचीत होते. आंकडा चढला कीं प्रशासन खाटांची तजवीज करीत असे. जी यंत्रणा रोज एक पत्रक काढूं शकली, तिला नशेविषयीं तीन महिन्यांतून एक पत्रक काढणें अशक्य आहे काय? त्यासाठीं नवें खातें नको. मिनी घाटी व शहरांतील घाटी ह्या दोन रुग्णालयांत नशेनें बेशुद्ध, झटके आलेले, विषबाधा झालेले असे किती आले, कोणत्या पदार्थानें, कोणत्या वयोगटांतील, स्त्री कीं पुरुष. व्यसनमुक्ति केंद्रांत पहिल्यांदांच आलेले किती, आणि कोणत्या पदार्थासाठीं. शवविच्छेदनांत मादक द्रव्य सांपडलेले मृत्यु किती. नांवें नकोत, पत्ते नकोत. आणि जेथें पदार्थ कोणता तें कळलें नाहीं तेथें ‘अज्ञात’ असेंच लिहावें. १८९२ च्या कारकुनाचा कित्ता गिरवूं नये.

दुसरा हिशेब व्यापाऱ्यांच्या हातचा आहे, आणि तो आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. औषधांच्या नियमांतील ‘एच-१’ ही अनुसूची १ मार्च २०१४ पासून अमलांत आहे. तींतील नायट्राझेपाम, अल्प्राझोलाम, कोडीन इत्यादि औषधें विकतांना दुकानदारानें डॉक्टराचें नांव-पत्ता, रोग्याचें नांव, औषध व त्याचें परिमाण वेगळ्या वहींत लिहावें आणि ती वही तीन वर्षें जपून ठेवावी, असा नियम आहे. वही निरीक्षकास दाखविली जाते. पण शहरांतील सर्व वह्यांची गोळाबेरीज होऊन ती नागरिकांपुढें आल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. बटण विकणारा वहींत लिहून विकत नाहीं, हें आम्हांसही कळतें. परंतु जमाखर्च जाणणाऱ्यास एवढें पुरें आहे: घाऊक व्यापाऱ्याकडून अमुक गोळ्या आल्या, शिल्लक अमुक, वहींत विक्री अमुक, मग मधल्या गेल्या कोठें? आणि तिन्ही रकमा चोख जुळून बाजारांत बटण तेवढेंच राहिलें, तर माल परक्या प्रांतांतून टपालानें किंवा बसनें येतो, हें सिद्ध झालें. प्रामाणिक दुकानदारावरील संशयही दूर झाला.

तिसरा मार्ग नवा आहे, आणि नव्याची भुरळ पडते म्हणून त्याविषयीं जपून बोललें पाहिजे. शरीरांत गेलेलें द्रव्य रूपांतर पावून मूत्रावाटे बाहेर पडतें; तेव्हां शहराच्या सांडपाण्याचा नमुना तपासल्यास सबंध शहरानें काय सेवन केलें त्याचा अदमास, कोणासही प्रश्न न विचारतां, करतां येतो. २०११ पासून युरोपांतील कित्येक शहरें ही तपासणी ठराविक आठवड्यांत एकाच रीतीनें करीत आली आहेत, आणि लिस्बन येथील युरोपीय संस्था तिचे निष्कर्ष जाहीर करिते. आमच्या देशासही सांडपाणी तपासण्याची कल्पना अपरिचित नाहीं. मुंबईत पोलिओच्या विषाणूसाठीं ती २००१ पासून होत आली. संभाजीनगरांत कांचनवाडी व झाल्टा येथें सांडपाणी शुद्धीकरणाचे प्रकल्प आहेत, तेथें नमुने घेतां येतील. पण चिकलठाण्याच्या आसपास औषधांचे कारखाने आहेत. सुखना नदीचें पाणी बाटलींत भरून त्यांत झोंपेच्या औषधाचा अंश सांपडला, म्हणून गांवानें गोळ्या गिळल्या असें ठरत नाहीं. तो कारखान्याच्या सांडपाण्याचाही असूं शकेल. मूळ द्रव्य न मोजतां, तें माणसाच्या यकृतांतून गेल्यावर जें बनतें तेंच मोजलें पाहिजे, आणि नमुना वस्तीच्या नळांतून घेतला पाहिजे. हें ज्ञान असणारा रसायनज्ञ नेमल्यावांचून ह्या कामास हात घालूं नये. नाहींपेक्षां वर्तमानपत्रांस एक सनसनाटी मथळा मिळेल, यापलीकडे कांहीं निष्पन्न होणार नाहीं.

ह्या सर्वांस आक्षेप येतील. पहिला असा कीं, मोजणी म्हणजे पोलिसांची यादी. भिऊन रोगी रुग्णालयांत येईनासे होतील. हें भय खरें आहे व त्याची टिंगल करूं नये. अंमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यांत सेवनासाठीं दंड आहे. पण त्याच कायद्याच्या ६४-अ ह्या कलमान्वयें सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेनें उपचार घेऊं लागला तर त्यास खटल्यापासून सूट मिळूं शकते, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें रुग्णाची माहिती गुप्त ठेवणें बंधनकारक केलें आहे. हें किती पालकांस ठाऊक आहे? प्रत्येक पत्रकाच्या माथ्यावर हीं दोन वाक्यें व १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी मदतक्रमांक छापावा.

दुसरा आक्षेप असा कीं, अमक्या मोहल्ल्याची, तमक्या जातीची बदनामी होईल. आम्हांस उलट वाटतें. आज आंकडे नाहींत म्हणून हा मोहल्ला त्या वसाहतीकडे व ती वसाहत ह्या मोहल्ल्याकडे बोट दाखविते, आणि आपलीं मुलें तेवढीं निर्मळ असें दोघेही समजतात. तरीही पत्रक सबंध शहराचें असावें, गल्लीगल्लीचें नसावें. आणि एखाद्या रकान्यांत पांचांहून कमी माणसें असतील तर तो आंकडा छापूं नये, कारण लहान वस्तींत आंकड्यावरूनही माणूस ओळखतां येतो. उद्योजकांकडून तिसरा आक्षेप येईल: नशेचीं पत्रकें निघूं लागलीं तर शहराकडे नवे कारखाने येतील कसे? २०२३ च्या छाप्यांची बातमी देशभर छापून आली तेव्हां त्यांनीं काय केलें तें आम्हांस ठाऊक नाहीं. पण रात्रपाळीच्या यंत्रावर गोळी घेतलेला कामगार उभा आहे कीं नाहीं, हें कोणत्याही मालकास पत्रकापेक्षां अधिक काळजीचें असावें.

दरवर्षीं २६ जूनला अंमली पदार्थविरोधी दिन येतो. शाळांतील मुलें उन्हापावसांत फेरी काढतात, शपथ घेतात, आणि दुसऱ्या दिवशीं फेरींत किती विद्यार्थी होते तो आंकडा छापून येतो. त्या आंकड्याशेजारीं, गेल्या तीन महिन्यांत मिनी घाटींत नशेनें आलेल्या त्याच वयाच्या मुलांचा आंकडा कधीं तरी छापला जावा.

आरंभ लहानच असावा. औषधविक्रेत्यांच्या संघटनेची पुढील बैठक भरेल तेव्हां एकच ठराव पुढें यावा: चिकलठाणा, मुकुंदवाडी व सिडको ह्या भागांतील सभासदांनीं गेल्या बारा महिन्यांतील नायट्राझेपाम व अल्प्राझोलाम ह्यांची खरेदी, शिल्लक व वहींतील विक्री, दुकानाचें नांव न लिहितां, एका कागदावर उतरून जिल्हा शल्यचिकित्सकांकडे बंद पाकिटांत पाठवावी, आणि त्यांनीं तिची बेरीज करून महिन्याच्या आंत रुग्णालयाच्या फलकावर लावावी.